थेंब थांबवायचा कसा? घरच्या घरी पाण्याच्या थेंबांचे आणि शिंतोड्यांचे फोटो

एका रविवारी मी स्वयंपाकघरातला नळ जरासा सैल सोडला, खाली काठोकाठ भरलेलं पातेलं ठेवलं, फोन डब्यांच्या चळतीला टेकवला आणि प्रो मोडमध्ये शटर १/४००० वर नेलं. तासाभरात तीनशेच्या वर फोटो काढले. कामाचा एकही निघाला नाही. काहींत थेंब काकडीसारखा लांबलेला, सगळ्यांत वाळू पसरल्यासारखे दाणे आणि निम्म्या फोटोंवर आडवे काळे पट्टे. आईचा प्रश्न एवढाच होता की नळ दुरुस्त कधी करणार.

माझी चूक अशी होती की मी सगळा भार शटरवर टाकला होता. थेंब 'गोठवायला' जास्तीत जास्त वेगवान शटर हवं, असंच आपल्याला वाटतं; फोनच्या जाहिरातीही १/८०००, १/१२००० असे आकडे मिरवतात. प्रत्यक्षात असे बहुतेक गाजलेले फोटो शटरने नाही, तर प्रकाशाने थांबवलेले असतात. हा फरक एकदा कळला की साध्या फोनवरही जमतं.

आधी थोडा हिशोब

नळाचा थेंब साधारण साडेचार मिलिमीटर व्यासाचा असतो. तो ४० सेंटिमीटरवरून पडला तर पाण्यावर आदळताना त्याचा वेग सेकंदाला २.८ मीटर असतो आणि खाली यायला त्याला २८६ मिलिसेकंद लागतात. (शाळेतलं तेच सूत्र, वेगाचा वर्ग = २ × ९.८ × उंची.) आता शटर १/१००० असेल तर तेवढ्या वेळात थेंब २.८ मिलिमीटर सरकतो, म्हणजे स्वतःच्या निम्म्याहून जास्त. फोटोत फक्त धूसर रेघ दिसणार. १/४००० ला तो ०.७ मिलिमीटर सरकतो, १/८००० ला ०.३५. म्हणजे १/८००० ला फोटो बरा यायला हवा. मग काकडी कुठून आली?

त्याचं कारण रोलिंग शटर. फोनच्या कॅमेऱ्यात उघडझाप करणारा पडदा नसतो. सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, एकेक ओळ वाचत जातो. प्रत्येक ओळीला १/८००० सेकंदच प्रकाश मिळतो हे खरं, पण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पोचायला मॉडेलनुसार १० ते ३० मिलिसेकंद जातात. समजा तुमच्या फ्रेममध्ये १० सेंटिमीटर उंचीचा भाग येतोय आणि वाचायला २० मिलिसेकंद लागतात. म्हणजे वाचनाची ओळ सेकंदाला ५ मीटर वेगाने खाली सरकतेय आणि थेंब तिच्याबरोबरच २.८ मीटरने पळतोय. ओळ थेंबाला ओलांडून पुढे जाईपर्यंत थेंबही पुढे गेलेला असतो. परिणामी थेंब दुपटीहून जास्त लांब दिसतो.

हे घरी तपासता येतं. फोन आडवा धरून पडत्या थेंबाचे फोटो काढा आणि मग फोन उलटा, म्हणजे १८० अंशांत फिरवून काढा. एका बाजूने थेंब लांबेल, दुसऱ्या बाजूने पुरीसारखा चपटा होईल. फोन उभा धरला तर तिरका होईल. थेंब तोच, फक्त सेन्सरची वाचायची दिशा बदलली. मला हा प्रयोग इतका आवडला की मूळ काम बाजूला ठेवून अर्धा दिवस मी तेवढंच करत बसलो.

काळ्या पट्ट्यांचं कारण वेगळं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि बरेच स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही. पण सेन्सर २० मिलिसेकंदांत ओळी वाचत असेल तर तेवढ्यात दिवा दोनदा मंदावतो, आणि त्या वेळी वाचलेल्या ओळी काळपट येतात. सेटिंगमध्ये काहीही करा, १/४००० शटरला हे पट्टे जाणार नाहीत. दिवा बदलायला हवा.

पहिली पद्धत : ऊन

दिवा बदलायचा तर सूर्यासारखा दिवा नाही. तो लुकलुकत नाही आणि फुकट आहे. भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स प्रकाश असतो, घरातल्या ट्यूबखाली दोन-तीनशे. माझ्या फोटोंत वाळू का पसरली होती ते यावरून कळेल. इतक्या कमी प्रकाशात फोनने आयएसओ आभाळाला भिडवला होता. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं अपर्चर बहुधा एफ/१.८ च्या आसपास असतं. थेट उन्हात त्या अपर्चरला आयएसओ १०० ठेवून १/८००० शटर अगदी बरोबर बसतं.

गॅलरीत किंवा गच्चीवर एक जड नॉनस्टिक तवा किंवा काळी ट्रे ठेवा. थेंबांसाठी नळापेक्षा भारी गोष्ट मेडिकलच्या दुकानात मिळते : सलाईन लावायचा सेट. त्याच्या नळीवरचं चाक फिरवून सेकंदाला एक थेंब असा वेग ठरवता येतो आणि प्रत्येक थेंब त्याच जागी पडतो. वरचं टोक पाण्याच्या बाटलीच्या झाकणात खुपसा, हवा आत जायला बाटलीला बारीक भोक पाडा, बाटली कपडे वाळत घालायच्या दांडीला बांधा. वारा असेल तर थेंब हलतो, म्हणून भिंतीचा आडोसा घ्या.

आता फोकस. पडत्या थेंबावर ऑटोफोकस कधीच बसत नाही. थेंब पडतो तिथे पेनचं टोक असं धरा की थेंब त्याच्यावरच आपटेल. पेनवर मॅन्युअल फोकस करा, मग पेन काढून घ्या. फोन तीस-चाळीस सेंटिमीटर लांब ठेवून २एक्स किंवा ३एक्स लेन्स वापरा. मॅक्रो मोडचा मोह टाळा, कारण त्यात फोन इतका जवळ न्यावा लागतो की शिंतोडे थेट लेन्सवर येतात. फोनवर आयपी६८ लिहिलेलं असलं तरी ती चाचणी साध्या पाण्याची असते. दूध, साबण, ग्लिसरीन तिच्यात धरलेलं नसतं.

मग बर्स्ट मोड लावा. सेकंदाला १० ते २० फोटो म्हणजे दोन फोटोंत ५० ते १०० मिलिसेकंदांचं अंतर. थेंब आदळल्यापासून पाणी शांत व्हायला लागेपर्यंत फार तर दोन-तीनशे मिलिसेकंद. एका थेंबाचे मोजकेच फोटो मिळतात आणि त्यातला बरा एखादाच. दोनशे काढा, पाच ठेवा, हेच गणित. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

सुरुवातीला कशाचा फोटो घ्यायचा, हेही महत्त्वाचं. थेंब खोल पाण्यात पडला की आधी खड्डा होतो, खड्डा बुजताना मधून पाण्याचा एक खांब वर उसळतो आणि त्याच्या टोकाला अनेकदा एक मणी सुटतो. फेकलेला चेंडू सर्वांत वर गेल्यावर क्षणभर थांबतो ना, तसाच हा खांबही वरच्या टोकाला जवळजवळ थांबतो. तिथे १/२००० शटरही पुरतं आणि रोलिंग शटरचा त्रासही होत नाही. त्यासाठी पाणी किमान तीन-चार सेंटिमीटर खोल हवं. फोटोंत दिसणारा मुकुट मात्र उलट, दोन-तीन मिलिमीटरच्या पातळ थरावर छान उठतो. तो भराभर बदलतो, म्हणून जास्त अवघड. आधी खांब जमवा.

स्लो मोशन वापरलं तर?

सोपा मार्ग वाटतो आणि काही अंशी आहेही. पण २४० एफपीएसला दोन फ्रेममध्ये ४ मिलिसेकंदांहून थोडं जास्त अंतर असतं. तेवढ्यात आपला थेंब जवळजवळ १२ मिलिमीटर सरकतो. खांबासाठी चालेल, मुकुटासाठी अपुरं. ९६० एफपीएस २०१७ मध्ये सोनीच्या एक्सपीरिया एक्सझेड प्रीमियममध्ये आलं, पुढच्या वर्षी सॅमसंगच्या एस९ मध्ये. दोन्हींत ७२० पिक्सेलचं रिझोल्यूशन आणि सेकंदाच्या अगदी लहान तुकड्यापुरतंच रेकॉर्डिंग.

आणि इथे एक गोम आहे. काही फोन खऱ्या फ्रेम कमीच टिपतात आणि मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने तयार करून घालतात. दोन खऱ्या फ्रेम बघायच्या आणि मधे काय झालं असेल याचा अंदाज बांधायचा. धावणाऱ्या कुत्र्याच्या व्हिडिओत ते खपून जातं. पण मुकुटाच्या कडेवरून थेंब तुटतो ती घटनाच मुळी त्या मधल्या वेळात घडते. सॉफ्टवेअरने घातलेल्या फ्रेममध्ये तुम्हाला तुटणं दिसत नाही, एक गुळगुळीत विरघळणं दिसतं. आपल्या फोनची चाचणी घ्यायची असेल तर क्लिप फ्रेम-फ्रेमने पुढे सरकवा. कडा एकाआड एक स्पष्ट आणि भुतासारख्या पुसट दिसल्या तर मधल्या फ्रेम बनवलेल्या आहेत असं समजायला हरकत नाही.

ही भेसळ नवी नाही, आणि पूर्वी ती माणसाच्या डोळ्यानेच केली होती. आर्थर वर्दिंग्टन हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ १८७५ च्या सुमारास थेंबांच्या मागे लागले. अंधाऱ्या खोलीत थेंब पाडायचा, ठरलेल्या क्षणी विजेची ठिणगी उडवायची आणि डोळ्यात जे चित्र उरेल ते लगेच कागदावर काढायचं. पुढच्या थेंबाला ठिणगी किंचित उशिरा. असे वेगवेगळे थेंब ओळीने लावून त्यांनी एका शिंतोड्याची पूर्ण कहाणी उभी केली. चित्रं अप्रतिम होती. मुकुटाच्या सगळ्या पाकळ्या सारख्या, अंतर सारखं. १८९४ मध्ये त्यांना तेच क्षण फोटोत पकडता आले आणि फोटोंतले मुकुट वाकडेतिकडे निघाले : एक पाकळी लांब, दुसरी आखूड, कुठे दोन चिकटलेल्या. जुन्या वह्या पाहिल्या तर त्यांतही वाकडी चित्रं होतीच. पण निवडताना त्यांनी नेहमी नीटनेटकी उचलली होती, बाकीची 'बिघडलेली' म्हणून सोडून दिली होती. पुढे १९०८ मध्ये त्यांनी 'अ स्टडी ऑफ स्प्लॅशेस' हे पुस्तक काढलं. वर उसळणाऱ्या त्या खांबाला आजही वर्दिंग्टन जेट म्हणतात.

आपला फोन आज तेच काम आपोआप करतो. कडा गुळगुळीत करतो, बारीक थेंब डाग समजून पुसतो. म्हणून शक्य असेल तर रॉ फॉरमॅटमध्ये काढा आणि एचडीआर, एआय सुधारणा, नाइट मोड बंद ठेवा. नाइट मोड तर अनेक फ्रेम एकत्र करतो. पाण्याच्या बाबतीत त्याचा काहीच उपयोग नाही. आयफोनच्या मूळ कॅमेरा ॲपमध्ये शटर हाताने ठरवता येत नाही, त्यासाठी मॅन्युअल कंट्रोल देणारं वेगळं ॲप घ्यावं लागेल.

दुसरी पद्धत : अंधार आणि फ्लॅश

आता मूळ मुद्दा. वर्दिंग्टन यांच्याकडे वेगवान शटर नव्हतं. होता अंधार आणि एक ठिणगी. अमेरिकेत एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९५७ मध्ये काढलेला दुधाच्या थेंबाचा लाल पार्श्वभूमीवरचा मुकुट तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. तोही इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचाच. शटर कितीही वेळ उघडं राहू दे. खोलीत अंधार असेल तर सेन्सरवर काहीच उमटत नाही. उमटतं ते फक्त फ्लॅश चमकला तेवढ्या क्षणाचं.

फोनच्या मागचा फ्लॅश इथे चालत नाही. तो एलईडी असतो, बराच वेळ पेटून राहतो. (नोकिया ८०८ आणि लुमिया १०२० सारख्या थोड्या जुन्या फोनमध्ये खरा झेनॉन फ्लॅश होता. तो काळ गेला.) लागतो कॅमेऱ्यावर बसवायचा सुटा फ्लॅश, ज्याला स्पीडलाइट म्हणतात. सेकंडहँड चालेल, ब्रँड कुठलाही चालेल. दोनच गोष्टी बघा : पॉवर हाताने कमी करता यायला हवी, आणि मागे टेस्ट बटण हवं.

स्पीडलाइटची एक मजेदार गोष्ट आहे. त्याची पॉवर कमी केली की तो मंद पेटत नाही. तितक्याच जोरात पेटतो, पण लवकर बंद होतो. फुल पॉवरला चमक १/१००० सेकंद किंवा त्याहूनही जास्त टिकते, १/१२८ पॉवरला साधारण १/२०००० सेकंद किंवा कमी. तेवढ्यात आपला थेंब ०.१४ मिलिमीटर सरकतो. म्हणजे इथे 'कमी पॉवर' हाच 'जास्त वेग' आहे. हे उलटं असल्यामुळे बरेच जण फ्लॅश फुलवर ठेवतात आणि फोटो हलला म्हणून फ्लॅशला नावं ठेवतात. रोलिंग शटरचा प्रश्नही इथे सुटतो. शटर १ सेकंद उघडं असेल तर मधल्या काळात सगळ्या ओळी एकाच वेळी उघड्या असतात आणि चमक सगळ्यांवर एकदमच पडते. काकडी संपली.

मांडणी उजेडातच करून घ्या. पेनने फोकस, मग शटर १ सेकंद, आयएसओ सर्वांत कमी, ५० असेल तर ५०. फ्लॅश थेंबाच्या मागे किंवा बाजूला ठेवा आणि मधे बटर पेपर ताणून लावा. फोनचं अपर्चर मोठं आणि ते बदलता येत नाही, त्यामुळे १/१२८ पॉवरलाही फोटो पांढराफटक येऊ शकतो. तसं झालं तर बटर पेपरचा आणखी एक थर लावा किंवा फ्लॅश लांब सरकवा. फोटो दोन सेकंदांच्या टायमरने काढा, म्हणजे बोटाच्या धक्क्याने फोन हलणार नाही.

राहिलं टायमिंग. इथे नशीब आपल्या बाजूने आहे. काही दिसल्यावर बटण दाबायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात आणि ४० सेंटिमीटरवरून थेंब पडायला २८६. म्हणजे थेंब नळीतून सुटताना दिसला की लगेच फ्लॅश दाबा, तो आदळण्याच्या आसपासच पेटेल. सतत लवकर पेटत असेल तर नळी थोडी खाली घ्या, उशीर होत असेल तर वर. ३० सेंटिमीटरला २४७ मिलिसेकंद, ५० ला ३१९. थोडक्यात, नळीची उंची हाच तुमचा टायमर. थेंब दिसण्यापुरता बाहेरच्या खोलीतला झिरोचा बल्ब आणि किंचित उघडं दार पुरतं. मी तर नंतर बघणंच सोडलं. थेंब सेकंदाला एक असा लावला की टप, टप असा ठेका ऐकू येतो; त्या ठेक्यावर टाळी देतो तसं बटण दाबायचं. माझ्या धाकट्या बहिणीने पहिल्याच वीस फोटोंत सात खांब पकडले. ती तबला शिकते. मी कोड लिहितो, मला तीन संध्याकाळ लागल्या.

तिसरी पद्धत : ज्यांना आर्डुइनो येतं त्यांच्यासाठी

खांबाच्या डोक्यावर दुसरा थेंब आदळून छत्री होते, ते फोटो हाताने योगायोगानेच मिळतात. त्यासाठी थेंबाच्या वाटेत इन्फ्रारेड सेन्सर बसवायचा, थेंब आडवा गेला की आर्डुइनोने ठरलेले मिलिसेकंद थांबायचं आणि ऑप्टोकप्लरमधून फ्लॅश पेटवायचा. दोन थेंबांतलं अंतर ठरवायला १२ व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह लागतो आणि त्याच्यावर उलटा डायोड लावायचाच, नाहीतर बोर्ड जाईल. अंतर ठरवायला शंभर मिलिसेकंदांपासून सुरुवात करा आणि पाच-पाचने मागेपुढे करा. फ्लॅश पेटायचा वेळही असाच थोडा-थोडा वाढवत नेला की ओळीने फोटो लावून तुमची स्वतःची वर्दिंग्टन मालिका तयार होते, प्रत्येक फोटोत वेगळा थेंब.

जुन्या फ्लॅशच्या ट्रिगरवर दोनशेहून जास्त व्होल्ट असू शकतात, त्यामुळे आधी मल्टिमीटर लावा आणि तो आर्डुइनोला थेट कधीच जोडू नका. फ्लॅश उघडून 'हॅक' करायचे व्हिडिओ बघून तसलं काही करू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये सेल काढल्यावरही जोरदार झटका देण्याइतका चार्ज असतो. एक्स्टेंशन बोर्ड पाण्याच्या ट्रेपेक्षा उंचावर ठेवा.

पाण्यात काय घालायचं

नुसतं पाणी पारदर्शक असल्यामुळे समोरून प्रकाश टाकला तर फारसं दिसत नाही, मागून टाकला तर काचेसारखं चमकतं. दूध प्रकाश पसरवतं, म्हणून आकार लगेच उठून दिसतो. सुरुवातीला तेच घ्या, अर्धं पाणी घालून चालतं. पाण्यात थोडं ग्लिसरीन घातलं की ते दाटसर होतं, खांब जाड आणि सलग राहतो, शिंतोडे कमी उडतात. खायच्या रंगाचे दोन थेंब नळीतल्या पाण्यात आणि ट्रेमध्ये साधं पाणी, असं केलं तर कुठलं पाणी कुठे गेलं तेही फोटोत कळतं. उसळलेल्या खांबात ट्रेमधलं पाणी किती आणि थेंबातलं किती ते बघा, अंदाज बहुतेक चुकतो. भांड्यांच्या साबणाचा एक थेंबही पृष्ठताण पार कमी करतो, म्हणून ट्रे नीट विसळून घ्या. दुधाचे प्रयोग झाल्यावर नळी त्याच रात्री गरम पाण्याने धुवा. मी दुसऱ्या दिवशी धुतली आणि ती नळी टाकावी लागली.

आणि पावसाळ्यात यातलं काहीच लागत नाही. कौलाच्या किंवा पत्र्याच्या कडेवरून पागोळ्या तासन्‌तास एकाच जागी पडत असतात, खाली डबकंही त्यांनीच करून ठेवलेलं असतं. तीन मीटरवरून येणारी पागोळी सेकंदाला सात मीटरच्या आसपास असते, म्हणून पडता थेंब धरायच्या भानगडीत पडू नका, उसळणारा खांब धरा. ढगाळ हवेत आयएसओ हजाराच्या आसपास न्यावा लागेल, थोडे दाणे येतील, येऊ द्या. छत्री स्वतःवर नाही, फोनवर धरा.